खरं

उद्यमबागेत नवी मशीन उतरली त्या आठवड्यात
तैचुंगहून च्वांग आला, ती बसवून द्यायला.
लॉजच्या पोऱ्यानं रजिस्टरात देश लिहिला: चीन.
च्वांगनं पेन मागून घेतलं,
शब्दावर रेघ मारली, पट्टी लावल्यासारखी,
आणि वरच्या चिमटीएवढ्या जागेत
तैवान लिहिलं.
पोऱ्या माझ्याकडं बघून म्हणाला, "एकच की ओ ते."

मी काय बोलणार.
माझं नाव भरमाण्णा मुतगेकर.
पुढचं कानडी, मागचं मराठी,
मधे बापाचं, तो दोन्हीकडच्या लाठ्या खाऊन गेला.

दुपारी डबा सोडताना तो फोनमध्ये काहीतरी बोलला.
फोननं विचारलं मराठीत,
पुण्याच्या कुणा बाईच्या आवाजात:
आपण कोण आहात?
फिटर, म्हटलं.
तो मान हलवत राहिला. पुन्हा तीच बाई:
आपण कोण आहात?

मग सांगितलं.
एक नोव्हेंबरला आमच्या गल्लीत काळ्या फिती,
पलीकडच्या चौकात लाल-पिवळे झेंडे आणि डीजे,
आणि बायको गोकाकची,
दोन्ही बाजूंच्या खिडक्या लावून शेंगा सोलत बसते.
पोरगी कन्नड शाळेत. बस दारात येते, म्हणतो लोकांना.
कोल्हापूरची मावशी हसते, तुमची मराठी हेल काढून चालते म्हणे.
बेंगळूरचा साहेब विचारतो, महाराष्ट्रातून कधी आलात?
आलो नाही ओ.
आम्ही हितंच होतो, रेघ आली.

फोनला यातलं किती कळलं कुणास ठाऊक.
च्वांगनं पासपोर्ट काढला, हिरवा.
तैवान मोठ्या अक्षरात.
चीन पण आहे, बारीक, चिन्हाभोवती गोल फिरवलेला,
नख लावून दाखवावं लागतं.
मला आमच्या हमरस्त्यावरची पाटी आठवली,
डांबर फासलेली. उन्हात डांबर पातळ होतं
आणि खालचं अक्षर वर येतं.

त्याच्या बापाला शाळेत घरची भाषा बोलला म्हणून
गळ्यात पाटी अडकवून उभं केलेलं.
आईचे वडील मात्र बोटीनं आलेले, पलीकडून.
मरेपर्यंत एका नदीचं नाव घ्यायचे,
ती च्वांगनं पाहिलेली नाही.
बहीण शांघायला नोकरीला.
नव्या वर्षाला सगळे जेवायला बसतात
आणि माशाबद्दल बोलतात. फक्त माशाबद्दल.

"मी तैवानी," तो म्हणाला, फोनशिवाय, इंग्लिशमध्ये.
मग बराच वेळ बोल्ट पुसत बसला.
मग फोनमधली बाई म्हणाली: परंतु.
पुढं काही नाही. तेवढंच.

मी म्हटलं, आमच्यात परंतु म्हणत नाहीत,
खरं म्हणतात.
येणार होतो, खरं गाडी चुकली.
जमीन हाय, खरं पाणी नाही.
मराठी हाय, खरं.
बायको कानडीत पण तेच म्हणते, खरे.
सत्याला एक शब्द आणि पण-ला दुसरा,
एवढी चैन आम्हाला परवडली नाही.
त्यानं वहीत लिहून घेतलं, आपल्या अक्षरांत.
ते वाचायला कसं लागत असेल!

संध्याकाळी लेव्हलचा बुडबुडा धरत बसलो.
तो बोल्ट मोजत होता तोंडातल्या तोंडात, बापाच्या भाषेत,
मी मोजत होतो ओंदु, एरडु, मूरु,
कारण उस्ताद कानडी होता आणि आकडे हाताला तसेच लागलेत.
बाहेरून उसाचा ट्रक गेला.
बुडबुडा रेघ सोडून हलला, परत आला,
परत येता येता जरा पलीकडं गेला.
"उद्या," च्वांग म्हणाला.

पाचव्या दिवशी बिल भरायला मी लॉजवर गेलो.
रजिस्टर उघडंच होतं.
पहिल्या ओळीत रेघेखाली चीन, रेघेवर तैवान,
आणि त्याखाली रोजच्या रोज, पोऱ्याच्या अक्षरात:
सदर.
सदर.
सदर.
सदर म्हणजे वरचं का खोडलेलं, विचारणार होतो,
खरं रांग होती मागं.